मेडिकल, जनरल, चार मिनिटं

सोमवार, ६ जानेवारी

स्टेपलरमध्ये पिना भरल्या. तीनदा! पत्रकारितेतल्या माझ्या कारकिर्दीची ही सुरुवात, कुठेतरी नोंद असलेली बरी.

कॉलेजने एक निळी वही दिली आहे. रोज एक पान, वर छापलेलं 'आज काय शिकले?' आणि खाली चॅनेलमधल्या कुणाची तरी सही. आठ आठवडे पानं भरायची, मग चॅनेल प्रमाणपत्र देणार, मग कॉलेज शेवटच्या वर्षाचा निकाल देणार. प्रमाणपत्र नाही तर निकाल नाही. सरांनी हे इतक्या वेळा बजावलं, की आम्ही पळून जायच्या तयारीत असल्यासारखं मलाच वाटायला लागलं. निळ्या वहीत आज लिहिलं, "वृत्तकक्षाच्या कार्यपद्धतीची ओळख झाली." खरं काय ते इथे.

खरं असं, की मला खुर्ची नाही. एक रिकामी होती, तिच्यावर प्रिंटर बसलाय.

माझी वरिष्ठ म्हणजे चारच्या बातम्या काढणारी प्रोड्यूसर. तिला जगातली प्रत्येक गोष्ट 'आत्ता' हवी असते. मी तिचं नाव घाईबाई ठेवलं. अर्थात इथे. तोंडावर मॅडम, मॅडम!

"तू कोण गं?"

"इंटर्न."

"बरं. चहा कुठे सांगायचा माहितीये ना?"

झाली मुलाखत.

गुरुवार, ९ जानेवारी

आणखी एक इंटर्न उगवली आहे. जाहिरात विभागाच्या प्रमुखांची भाची. हिला खुर्ची मिळाली. प्रिंटर जमिनीवर आला! दिवसभर अँकरच्या टेबलाशी उभी राहून स्वतःचे फोटो काढते. हिचं नाव चमको. निळ्या वहीत काय लिहिते देव जाणे, बहुतेक 'प्रकाशयोजना'.

मला मात्र आज विद्यादान झालं. पाऊण मिनिट. घाईबाईने कॉम्प्युटरवर जुनी दृश्यं कशी शोधायची ते उभ्याउभ्या दाखवलं. "जुनं काही वापरलंस तर इथे टिक करायची. मग कोपऱ्यात 'संग्रहित' येतं. नाहीतर लोकांना वाटतं आजचंच आहे. कळलं?"

न कळायला काय झालंय! एक चौकोन, एक टिक. निळ्या वहीत लिहिलं, "संग्रहित दृश्यांबाबत घ्यावयाची दक्षता." दक्षता! काय शब्द आहे. सरांना रडू फुटेल आनंदाने.

बुधवार, १५ जानेवारी

आज जनतेचा आवाज गोळा केला. म्हणजे कॅमेरादादाबरोबर बसस्टॉपवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, "पाण्याच्या वेळा बदलल्या, तुम्हाला काय वाटतं?" पहिले सहाजण म्हणाले, "ठीक आहे." सातवा म्हणाला, "बदलल्या का?"

ते घेऊन गेले तर घाईबाई खवळली. "ठीक आहे काय ठीक आहे! ठीक आहे कोण बघणार? चिडलेला माणूस आण."

गेले परत. बस सुटत असताना एका गृहस्थांना अडवलं. भयंकर चिडले! "काय चाललंय काय हे! लोकांच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" बस माझ्यामुळे चुकली म्हणून बोलत होते. टीव्हीवर अगदी पाण्यावर बोलल्यासारखे दिसले. घाईबाई खूश. "हां! असा पाहिजे."

बाबांनी जेवताना विचारलं, "हे गृहस्थ कोण गं? किती तळमळीने बोलले!" मी वरणात बघत राहिले.

शनिवार, १८ जानेवारी

आजची कामगिरी: 'जनरल' दृश्यं. बँकेचं दार, भाजीचा बाजार, शाळेचं फाटक, मेडिकल. कधीतरी कुठल्यातरी बातमीत लागतात म्हणे. बातमी उद्या येणार, तिचं चित्र आज काढून ठेवायचं!

बँक, भाजी, फाटक झालं. मेडिकलवाल्यांनी मात्र अक्षरशः पिटाळून लावलं. एक म्हणाला मालक नाहीत. तोच मालक होता. दुसऱ्याने हात जोडले. तिसऱ्याने शटरच ओढलं. कॅमेरादादा गाडीत बसून म्हणतो, "दहा मिनिटांत मेडिकल दे, नाहीतर तू आणि तुझी घाईबाई बघून घ्या." (हे नाव त्याला कुणी सांगितलं? मीच. तोंडात तीळ भिजत नाही माझ्या.)

मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. आपले काका! घरामागच्या गल्लीतले मेडिकलवाले काका. मी दुपट्यात होते तेव्हापासून आमच्या घरचं औषध तिथून येतं. आजोबांच्या महिन्याच्या गोळ्या ते कागदी पिशव्यांत घालून, वर 'सकाळ', 'दुपार', 'संध्याकाळ' लिहून देतात. आजोबा तर रोज संध्याकाळी त्यांच्या काउंटरजवळच्या स्टुलावर बसून पेपर वाचतात. ते स्टूल आता आजोबांच्याच नावावर केल्यासारखं आहे.

काका आधी नको नकोच म्हणाले. "माझं कशाला गं? चांगलं मोठं, काचेचं दुकान बघ ना एखादं." किती साधा माणूस! मी लाडीगोडी लावली, आजोबांनी स्टुलावरून दम दिला, "घेऊ दे रे पोरीला, शिकतेय ती." मग काकांनी केसांवरून हात फिरवला आणि गप्प उभे राहिले. कपाटं, औषधं, कात्रीने गोळ्यांचं पाकीट कापणारे हात, बाजूने काकांचा चेहरा. चार मिनिटं.

कॉम्प्युटरवर नाव टाकलं: "मेडिकल, जनरल, चार मिनिटं." निघताना आजोबांनी विचारलं, "कधी लागणार हे?" म्हटलं, सांगेन की!

मंगळवार, २८ जानेवारी

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी साडेतीनला बातमी आली. शहराबाहेरच्या एका गोदामात रक्तदाबाच्या बनावट गोळ्या सापडल्या. आत नुसता खडू! गोळ्या बऱ्याच दुकानांत आधीच पोचल्यात, कुठल्या ते अजून कळलेलं नाही. घाईबाई खुर्चीवरून उठून ओरडली, "मेडिकल! तीस सेकंद! आत्ता!"

आणि कोण उभं राहिलं? मी! तीन आठवड्यांत पहिल्यांदा सगळ्या खोलीने माझ्याकडे बघितलं. "माझ्याकडे आहे!" शोधलं, कापलं, पाठवलं. तीन मिनिटांत. घाईबाई म्हणाली, "शाब्बास." शाब्बास! अंगावर मूठभर मांस चढलं. मी लगेच घरी मेसेज टाकला — चारला टीव्ही लावा, माझं काम दिसणार आहे!! आजोबांनाही बसवा.

त्यांनी बसवलं.

चारला मी कंट्रोल रूमच्या काचेशी उभी होते. आधी काकांची कपाटं आली. मग हात. मग बाजूने चेहरा, आणि त्या चेहऱ्याभोवती ग्राफिक्सवाल्याने लाल गोल काढलेला! गोलावर बाण. वर अक्षरं: 'खडू विकणारे हेच ते हात?' मी कोपऱ्यात 'संग्रहित' शोधत होते. कोपरा रिकामा. तो चौकोन, ती टिक! मी केलीच नव्हती. शाब्बासकीच्या नादात विसरले.

घाईबाईला सांगितलं तर म्हणाली, "आता लागून गेलं. साडेचारला काढते." साडेचारला काढलंही. तोपर्यंत ते चार वेळा दाखवून झालं होतं.

घरी आले तर टीव्ही बंद. आई नुसती म्हणाली, "अगं, हे काय केलंस?" बाबा खिडकीत उभे. आजोबा पादत्राणं घालून काकांकडे निघाले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो माझा माणूस आहे." आणि गेले.

बुधवार, २९ जानेवारी

ऑफिसला जायच्या आधी काकांकडे गेले. दुकानात कुणी नाही. एरवी सकाळी सात-आठ माणसं असतात. काकू आतून बाहेर आल्या. "आमचंच दुकान सापडलं का गं तुला नख लावायला? आमच्या अंगाखांद्यावर खेळलीस ना तू!"

मी खोकल्याच्या औषधांसमोर उभी राहून ढसाढसा रडले. म्हटलं, काका, चॅनेलला खुलासा करायला लावते. सगळ्यांसमोर माफी मागायला लावते.

काका म्हणाले, "राहू दे. आठ दिवसांत लोक विसरतात. तू नको काही करूस."

असा माणूस! त्याच्या तोंडाला मी काळं फासलं आणि तो मलाच सांगतोय राहू दे. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

गुरुवार, ३० जानेवारी

घाईबाईशी बोलले. ती उभ्याने बिस्किट खात होती.

"आपण नाव घेतलं का त्यांचं? नाही. पत्ता सांगितला? नाही. मग?"

"पण चेहरा दिसला ना मॅडम. गल्लीत सगळे ओळखतात. ते निर्दोष आहेत!"

"कशावरून?"

"म्हणजे काय! मी लहानपणापासून ओळखते त्यांना."

"ते नाही विचारलं. तपासलंस का?"

धन्य! म्हणजे स्वतः न तपासता लाल गोल काढायचा, आणि आता माझ्याकडून पुरावा मागायचा! ह्या लोकांच्या काळजाच्या जागी रिमोट बसवलेला असतो. निळ्या वहीत लिहिलं, "वरिष्ठांशी मनमोकळी चर्चा." तिने न वाचता सही केली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

थेट मोठ्या साहेबांकडे गेले. संपादक. खोलीत सात टीव्ही, सातही मुके. साहेब माझ्याशी बोलत होते आणि डोळे सातव्या टीव्हीवर.

"खुलासा करायचा म्हणजे काय, माहितीये? आपणच चव्हाट्यावर उभं राहून सांगायचं, बघा हो, आम्ही चुकलो. उद्यापासून आपल्या खऱ्या बातमीवरसुद्धा कोण विश्वास ठेवणार?"

मी म्हटलं, "पण चुकलोच आहोत ना सर."

साहेबांना हसू आलं. मग म्हणाले, त्या गृहस्थांवर एक छान गोड स्टोरी करू की आपण. 'सचोटीची चाळीस वर्षं' वगैरे. पुढच्या महिन्यात. किंवा त्याच्या पुढच्या. मी दाराशी पोचले तेव्हा मागून प्रेमाने विचारलं, "तुझं प्रमाणपत्र कधी द्यायचंय गं आपल्याला?"

बस, एवढंच. आवाज इतका गोड, की साखर विरघळावी. कळायचं ते कळलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजोबा आता संध्याकाळची वाट बघत नाहीत. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत स्टुलावर ठाण मांडून बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात — "या की! इथूनच घेत होतात ना!" लोक मान खाली घालून पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात जातात. काल काकांच्या दुकानात त्यांचं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी कडाक्याचं भांडण झालं. वीस वर्षं दोघं रोज बरोबर फिरायला जातात! खालचे म्हणाले, "टीव्हीवर उगाच दाखवतील का?" आमचे म्हणाले, "ते माझ्या नातीने दाखवलंय, तिला काय अक्कल आहे!"

हे मला आईने सांगितलं. कारण आजोबा माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या शेजारी बसून आईला सांगतात, "तिला म्हणावं, मीठ इकडे दे."

मी मीठ देते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

चॅनेलमध्ये सामसूम. कुणाला काकांची आठवणही नाही. निळी वही: "संयम."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज काकांना सांगून आले, मी गप्प बसणार नाही. काहीही करून खुलासा दाखवणार, दुकानाच्या नावासकट, पत्त्यासकट. चेहरा दाखवला होता ना, मग नावच घेऊन माफी मागायला हवी!

काका पाकिटं लावत होते, थांबले. "नावासकट? नाही नाही. नाव अजिबात नको." मग माझा हात धरला. "ऐक माझं. आधीच पुष्कळ झालंय. तू तुझं शिक्षण पूर्ण कर, पोरी. हे सोड आता." त्यांचा हात गार पडला होता. किती खचलाय माणूस!

आजोबा स्टुलावरून हे ऐकत होते. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बोलले नाहीत, बघितलं.

घरी येताना ठरवलं. ज्याला स्वतःसाठी काही मागताही येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी मागायला नको?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आकाशवाणी व्हावी तसं झालं. खाली धावणारी ती पट्टी असते ना, बातम्यांच्या ओळी डावीकडे पळत जातात ती, ती टाइप करणाऱ्या माणसाला गालफुगी झाली! आठवडाभर येणार नाही. घाईबाईने इकडेतिकडे बघितलं. चमको अँकरच्या खुर्चीत बसून मान तिरकी करत होती. मग नजर माझ्यावर आली.

"टायपिंग येतं?"

येतं!

काम सोपं आहे. दुपारी दोन ते सहा, आलेल्या ओळी टाइप करायच्या, बटण दाबायचं, ओळ पळायला लागते. "कुणाला दाखवून मग टाकायच्या का?" विचारलं, तर घाईबाई म्हणाली, "पट्टी कोण वाचतं गं? शुद्धलेखन सांभाळ म्हणजे झालं."

मला खुर्चीही मिळाली. गालफुगीवाल्याची.

बुधवार, १२ फेब्रुवारी

केलं.

चार वाजून पाच मिनिटांनी. सकाळपासून पाठ केलेली ओळ टाइप केली. आधी दुकानाचं पूर्ण नाव, गल्ली, चौक, सगळं, आणि मग — "…या दुकानाचा बनावट गोळ्यांच्या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. २८ जानेवारीच्या बातमीत त्यांचं चित्र आमच्या चुकीने दाखवलं गेलं. आम्ही त्यांची मनापासून माफी मागतो." तीनदा वाचली. शुद्धलेखन सांभाळलं. बटण दाबलं.

ओळ पळायला लागली. मी मानेला हिसका बसेल इतक्या वेगाने इकडेतिकडे बघत होते. आता कुणीतरी ओरडणार! आता घाईबाई येणार! छे. सबंध खोलीत चाळीस पडदे, चाळीसांवर माझी ओळ, आणि एकानेही मान वर केली नाही. एक तास दहा मिनिटं! चमको पट्टीला पाठ करून फोटो काढून गेली. म्हणजे तिच्या फोटोतही ती ओळ असणार.

पाच वाजता फोन वाजला. आजोबा. ते कधी फोन करत नाहीत, बटणं दिसत नाहीत म्हणतात.

"वाचलं," म्हणाले.

मग म्हणाले, "येताना चालत नको येऊस, रिक्षा कर." मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चॅनेलला आज कळलं. कुणी सांगितलं? दुसऱ्या चॅनेलवाल्यांनी! त्यांनी ओळीचा फोटो काढून साहेबांना पाठवला, खाली हसणारे चेहरे. स्वतःच्या चॅनेलवर काय चाललंय ते शेजाऱ्यांकडून कळतं, ह्याला म्हणतात चोवीस तास नजर.

"कुणी केलं हे?"

"मी."

खोटं बोलायचं मनातच आलं नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. साहेब ह्या वेळी टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "प्रमाणपत्र विसर," म्हणाले. "आणि उद्यापासून येऊ नकोस." ओळखपत्र टेबलावर ठेवलं. फोटो वाईटच आला होता त्यावर.

लिफ्टपाशी घाईबाई मागून आली. मला वाटलं आता ही उरलंसुरलं काढणार. तिने हात पुढे केला. "वही." निळी वही दिली. भिंतीला टेकवून माझ्या राहिलेल्या सगळ्या पानांवर तिने एकेक करून सही केली, तारखेसकट. लिफ्ट दोनदा येऊन गेली. तिला आज कसलीच घाई नव्हती. शेवटचं पान झाल्यावर म्हणाली, "मूर्ख आहेस. पण भित्री नाहीस."

थँक्यू मॅडम म्हटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सरांना भेटले. सह्या बघून म्हणाले, छान, आणि प्रमाणपत्र? नाही म्हटल्यावर चेहरा पडला. नियम म्हणजे नियम. निकाल राखून ठेवणार, पुढच्या वर्षी पुन्हा इंटर्नशिप. एक अख्खं वर्ष गेलं. आई रडली. बाबा दिवसभर "बघू, बघू" म्हणत फिरले.

आणि मला खोटं लिहिता येणार नाही — मला वाईट वाटत नाहीये! गल्लीत आज काय गंमत होती. काकांच्या दुकानात रांग! खालच्या मजल्यावरचे आजोबा स्वतः आले, आमच्या आजोबांचे हात धरले आणि म्हणाले, "चुकलं रे." दोघं लगेच फिरायला गेले. त्याआधी आजोबांनी मला हाताला धरून सगळ्या रांगेसमोरून दुकानात नेलं, कुठली तरी ट्रॉफी मिरवावी तसं. "हीच ती! ज्यांनी चूक केली ना, त्यांनाच हिने कबूल करायला लावली. वर्ष गेलं पोरीचं, पण मागे नाही हटली."

काकांनी वर बघितलं नाही. पाकीट कापत राहिले. "झालं ना तुझ्या मनासारखं," एवढंच म्हणाले. भारावले असतील. काकूंनी तर रांग असतानाच अर्धं शटर खाली ओढलं. दमल्या असतील, इतकी गर्दी एकदम आल्यावर.

निळ्या वहीच्या अगदी शेवटी सही न लागणारं एक पान आहे. 'इंटर्नशिपमधून मला काय मिळालं?' पाचशे शब्द. सरांना पाचशे शब्द काय लिहायचे ते लिहीन, दक्षता, संयम, मनमोकळी चर्चा. इथे चारच पुरे. एका माणसाची इज्जत वाचवली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी दहाला काकांच्या दुकानाला सील लागलं. औषध निरीक्षक दोन गाड्या घेऊन आले होते. बाबांनी विचारलं, इतक्या दुकानांतून ह्याच दुकानात कसे आलात? त्यांच्यातला एकजण म्हणाला, "टीव्हीवर पट्टी वाचली. नाव, पत्ता, सगळं आयतं होतं. म्हटलं, एकदा बघून यावं." मागच्या खोलीत बावीस खोकी निघाली. त्याच गोदामाची. काका मान खाली घालून गाडीत बसले.

चॅनेलवर दुपारपासून 'आमच्या बातमीचा दणका' चालू आहे. सगळ्यात आधी आम्हीच दाखवलं होतं म्हणतात, तोच लाल गोल दाखवून. साहेबांचा फोन येऊन गेला, प्रमाणपत्र तयार आहे, घेऊन जा.

आईने घरातला औषधांचा डबा टेबलावर उपडा केलाय. आजोबा 'दुपार' लिहिलेली पिशवी हातात घेऊन मला विचारताहेत, "ही घेऊ का नको?"

मला माहीत नाही.